फोनवरचा डॉक्टर : खर्च किती, फायदा कोणाचा?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे कामगार कल्याणाचा एक नवा विषय येत आहे. कारखान्यातील कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना मोबाईलवरून डॉक्टरचा सल्ला मिळावा व त्याची वर्षाची वर्गणी कारखान्याने भरावी, असा तो विषय आहे. इंग्रजीत याला टेलिमेडिसिन म्हणतात, मराठीत दूरवैद्यक. गट सभांतून यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. एका वडीलधाऱ्या सभासदांनी सरळच विचारले, "अहो साहेब, आमच्या घरात म्हातारी खोकायला लागली तर आम्ही एस.टी.नं तालुक्याला नेतो. मग कामगारांच्या डॉक्टरचं बिल आमच्या उसातनं का?" त्यावर मागे बसलेले एक तरुण सभासद म्हणाले, "आबा, रात्रपाळीला बॉयलरवरच्या माणसाला चक्कर आली, तर गव्हाण कुणाची थांबते? उभ्या गाड्या कुणाच्या वाळतात? आपल्याच ना?"

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. कारखान्याची तिजोरी म्हणजे सभासदाच्या उसाचा पैसा. त्यातला रुपाया कुठे जातो हे विचारण्याचा मालक म्हणून आपला हक्क आहे. पण हक्काबरोबर माहितीही हवी. म्हणून ही योजना काय आहे, तिच्यातून काय मिळते, काय मिळत नाही आणि पैसा कुठे घातला तर कारणी लागेल, याचा हिशेब येथे मांडला आहे.

हा विषय आपल्यापुढे का आला?

शहरातल्या कारखान्यात ठराविक पगारापर्यंतच्या कामगाराला राज्य विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा, दवाखाना असतो. कामगाराच्या पगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा त्याचा हप्ता २०१९ पासून आहे. परंतु १९४८ च्या मूळ कायद्याने निव्वळ साखर तयार करणारे हंगामी कारखाने या योजनेच्या बाहेर ठेवले होते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने बाहेरच राहिले आहेत. म्हणजे साखर कामगाराच्या आजारपणाची सोय त्याने स्वतः करायची किंवा कारखान्याने.

सहकारी साखर कारखानदारीला हे ओझे नवीन नाही. १९५० साली लोणीला प्रवरा कारखाना उभा राहिला. त्याच परिसरात पुढे ग्रामीण रुग्णालय आले आणि १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. सगळ्यांना तेवढे जमत नाही. आपल्यासारख्या कारखान्याला जमते ते प्रथमोपचाराची खोली आणि एखादी रुग्णवाहिका.

मोठ्या आजाराची सोय आता बरीच झाली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. ताप, खोकला, रक्तदाब, साखर, अंगावर उठलेले पुरळ, पोराचे जुलाब यांचा खर्च खिशातूनच होतो. फोनवरच्या डॉक्टरची जागा आहे ती इथे.

हे आले कुठून?

फोनवरून डॉक्टर ही कल्पना कालपरवाची नाही. आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात अरगोंडा नावाचे खेडे आहे. तिथे २००० साली दूरवैद्यकाचे केंद्र निघाले, आणि २००१ साली इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यातले दवाखाने मोठ्या रुग्णालयांना जोडण्याचे प्रयोग सुरू केले. तेव्हा त्यासाठी मोठी तबकडी आणि महागडी यंत्रे लागत. आज तेच काम खिशातल्या मोबाईलवर होते.

नियम मात्र उशिरा आले. कोरोनाची साथ नुकतीच सुरू झाली असताना, २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीकृत डॉक्टरने फोनवर, चित्रफोनवर किंवा लेखी संदेशावर रुग्णाला कसा सल्ला द्यावा, कोणती औषधे लिहून द्यावीत, कोणती देऊ नयेत, हे त्यात स्पष्ट सांगितले. त्यानंतर कंपन्या वाढल्या, आणि त्यांचे लोक आता आपल्या दारापर्यंत आले आहेत.

फोनवर काय होते आणि काय होत नाही

विकणारा माणूस चांगली बाजू सांगतो. म्हणून दुसरी बाजू आपणच समजून घेतलेली बरी.

वरील तत्त्वांप्रमाणे औषधांचे गट पाडलेले आहेत. पहिल्या गटात तापाची साधी गोळी, जुलाबावरचे क्षार-साखरेचे पाणी यांसारखी औषधे येतात. ती कोणत्याही प्रकारच्या फोनवरून सांगता येतात. दुसऱ्या गटातील औषधे पहिल्याच भेटीत लिहायची, तर डॉक्टरने रुग्णाला चित्रफोनवर पाहिलेच पाहिजे. तिसऱ्या गटातील औषधे फक्त पुन्हा सल्ल्यासाठी आलेल्या रुग्णाला, त्याच आजाराकरिता देता येतात. आणि झिंग आणणारी, सवय लावणारी कडक औषधे फोनवरून लिहून देण्यास पूर्ण मनाई आहे.

आता याचा आपल्याशी संबंध बघा. आपल्या कार्यक्षेत्रातल्या निम्म्या वाड्यावस्त्यांवर बोलणे कसेबसे ऐकू येते, चित्र अडकून बसते. तिथला नवा रुग्ण नुसत्या आवाजावर डॉक्टरशी बोलला, तर नियमाने त्याला पहिल्या गटातल्या साध्या औषधापलीकडे फारसे काही मिळणार नाही. म्हणजे वर्गणी पूर्ण भरायची आणि हातात तापाची गोळी. ती तर किराणा दुकानातही मिळते!

दुसरी गोष्ट तातडीची. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, सर्पदंश, भाजणे, पट्ट्यात हात सापडणे, श्वास कोंडणे, यांपैकी काही झाले तर फोनवरच्या डॉक्टरची वाट पाहायची नाही. नियमही तेच सांगतो की, अशा वेळी दूरच्या डॉक्टरने प्रथमोपचार सांगावा आणि रुग्णाला लगेच रुग्णालयात पाठवावे. तिथे १०८ ची गाडी किंवा कारखान्याची रुग्णवाहिका हाच उपाय. "फोनवर डॉक्टर आहे, आता रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर रात्री कशाला?" असा विचार कोणाच्या डोक्यात आला, तर ती काटकसर एखाद्या घराला महाग पडेल.

तिसरी गोष्ट हाताची. डॉक्टर पोट दाबून बघतो, छातीला नळी लावतो, हाताची नाडी पाहतो. हे फोनवर होत नाही. जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, की बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. ताप, कोरडा खोकला आणि दम ही त्याची लक्षणे. शहरात बसलेल्या डॉक्टरला समोरचा माणूस बगॅस यार्डात काम करतो हे कोणी सांगितलेच नाही, तर तो सर्दी समजून औषध देईल आणि पुढच्या रुग्णाकडे वळेल.

मग फोनवर चांगले काय होते? चालू असलेल्या औषधाचा आढावा, रक्तदाब व साखर यांची देखरेख, कातडीचे विकार, तपासणीचे कागद वाचून दाखवणे, "ऑपरेशन खरेच करायला हवे का" याबद्दल दुसरे मत, मन अस्वस्थ असलेल्या माणसाशी बोलणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे "हे घरी बरे होईल की रुग्णालय गाठायचे?" या प्रश्नाचे वेळेवर उत्तर. रात्री अडीच वाजता तापलेले पोर मांडीवर घेऊन बसलेल्या माउलीला त्या एका उत्तराची किंमत विचारा.

दुसऱ्यांचा अनुभव

नोकरांसाठी मालकाने दूरवैद्यकाचे पैसे भरायचे, ही पद्धत अमेरिकेत आपल्या आधी रुजली. "डॉक्टरकडच्या चकरा वाचतील आणि आमचा एकूण खर्च घटेल," अशी तिथल्या मालकांची अपेक्षा होती. खर्च खरोखर घटला का?

कॅलिफोर्निया राज्यातील सरकारी नोकर व त्यांच्या कुटुंबांना अशी सोय मिळाली होती. त्यांच्यापैकी ३ लाखांहून अधिक लोकांचे २०११ ते २०१३ या काळातले हिशेब संशोधकांनी तपासले आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. पाहणी सर्दी, खोकला, घसा अशा आजारांपुरती होती. एका फोन-सल्ल्याचा खर्च दवाखान्यातील भेटीच्या साधारण निम्मा होता, हे खरे. पण १०० फोनांपैकी फक्त १२ फोनांनी दवाखान्याची चक्कर वाचवली होती. उरलेले ८८ फोन नवे होते. एरवी जी माणसे घरीच काढा पिऊन बसली असती, त्यांनी फोन सोपा झाला म्हणून फोन केला. परिणामी फोन वापरणाऱ्या माणसामागे या आजारांवरचा वर्षाचा खर्च ४५ डॉलरने घटण्याऐवजी वाढला.

यावरून आपण शिकायचे काय? "ही योजना घ्या, तुमचे पैसे वाचतील" असे कोणी सांगितले, तर त्यावर एकदम विश्वास ठेवू नये.

पण इथेच थांबलो तर अर्धेच समजले. अमेरिकेतला तो नोकर विमा असलेला होता, दवाखाना त्याच्या आवाक्यात होता. त्याचा जादा फोन बहुधा सर्दीचाच. आपला हंगामी कामगार गेली चार वर्षे डोके जड होते म्हणून चहात सुंठ घालून पितो, कारण तालुक्याला जायचे तर दिवस बुडतो. त्याने केलेला जादा फोन हा उधळपट्टीचा नसेल. कदाचित त्याचा रक्तदाब पहिल्यांदाच मोजला जाईल. म्हणून आपण "पैसे किती वाचले" एवढेच मोजून भागणार नाही. "जो आजार कोणाच्या नजरेत नव्हता, तो किती जणांचा सापडला आणि ताब्यात आला" हेही मोजावे लागेल.

आता आपला हिशेब

पुढील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या डोक्याने ते कमीजास्त करून पाहावेत.

समजा कारखान्यात ६०० कामगार आहेत आणि गळीत ५ लाख टन होते. कंपनी एका कुटुंबामागे महिन्याला १०० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०० रुपये मागते. एकूण ७ लाख २० हजार रुपये. टनाला पडले १ रुपया ४४ पैसे. ६० टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला ८६ रुपये ४० पैसे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरली होती. तिच्यापुढे दीड रुपया डोळ्यात भरत नाही. पण असे दीड-दीड रुपये किती ठिकाणी जातात, हे आपण जाणताच. थेंबे थेंबे तळे साचते तसेच थेंबे थेंबे ते आटतेही.

खरी मेख वेगळीच आहे. ही वर्गणी डोईवर आहे, वापरावर नाही. कोणी फोन केला काय आणि न केला काय, कंपनीला पैसे मिळणारच. वर्षात ३०० फोन झाले, तर एक फोन पडला २,४०० रुपयांना. दर कुटुंबामागे दोन, म्हणजे १,२०० फोन झाले, तर ६०० रुपयांना. दर कुटुंबामागे सहा, म्हणजे ३,६०० फोन झाले, तर २०० रुपयांना. शेवटच्या हिशेबाने सौदा ठीक. पहिल्या हिशेबाने कामगाराला खास गाडी करून जिल्ह्याच्या डॉक्टरकडे नेले असते तरी परवडले असते. आणि नवी सोय पहिल्या वर्षी लोक कमीच वापरतात, हे आपल्याला माती परीक्षणाच्या योजनेवरून ठाऊक आहे. नमुना फुकट तपासून मिळतो म्हणून किती जणांनी पिशवी भरून आणली?

शिवाय एक प्रश्न कंपनीला विचारण्याआधी स्वतःला विचारावा. जे सरकार फुकट देते, ते आपण विकत का घ्यायचे? केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. घरबसल्या डॉक्टरशी बोलण्याचा तिचा भाग १३ एप्रिल २०२० पासून चालू झाला. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने ती तयार केली आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून १० कोटी सल्ले दिले गेले होते. रुग्णाला एक पैसाही पडत नाही. अडचणी आहेत. कधी रांग लागते, दर वेळी तोच डॉक्टर भेटेल असे नाही, आणि ज्याला मोबाईलवर नाव घालता येत नाही त्याला ती असून नसल्यासारखी. पण या अडचणी दूर करायला फार पैसा लागत नाही. त्यासाठी एक माणूस लागतो.

फोनच्या अलीकडचा माणूस

या सगळ्या विषयातली खरी गोष्ट ती हीच. फोनच्या पलीकडे डॉक्टर कितीही मोठा असो, फोनच्या अलीकडे कोण बसले आहे यावर सगळे ठरते.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने २००४ पासून तमिळनाडूच्या ग्रामीण भागात लहान दृष्टिकेंद्रे काढली. तिथे डॉक्टर नसतो. शिकवून तयार केलेली मुलगी डोळे तपासते, यंत्राने डोळ्याचे चित्र घेते, आणि मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावर रुग्णाशी बोलून निर्णय देतो. डोळा बघणारा हात गावात आहे, म्हणून पडद्यावरचा डॉक्टर उपयोगी पडतो.

आपल्याजवळचे उदाहरणही आहे. उच्च रक्तदाब ताब्यात आणण्याचा एक देशव्यापी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. त्यात फार मोठी यंत्रे नव्हती. परिचारिकेने नेमाने दाब मोजायचा, ठरलेल्या क्रमाने औषध द्यायचे, गोळ्या खंड न पडता पुरवायच्या, आणि जो आला नाही त्याला बोलावून आणायचे. रक्तदाब दुखत नाही, म्हणून माणूस दोन महिन्यांत गोळी सोडतो. एक दिवस तो गव्हाणीवर किंवा रानात अर्धांगाने कोसळतो. त्याला "भाऊ, या महिन्यात आला नाहीत," असे विचारणारे माणूस हाच उपचार.

म्हणून डोईपट्टी भरण्याऐवजी दुसरा मार्ग असा. कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतच दूरवैद्यकाची सोय करावी. ५०० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात अशी खोली ठेवणे १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच बंधनकारक आहे. तिथे एक प्रशिक्षित परिचारिका, रक्तदाब व साखर मोजण्याचे यंत्र, बोटावर लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र, वजनकाटा, पडदा आणि खात्रीचे नेट असावे. परिचारिकेने आधी माणूस तपासावा, तो कोणत्या खात्यात काम करतो ते लिहावे, मग ई-संजीवनीवर डॉक्टरशी जोडून द्यावे. विशेष तज्ज्ञ लागला, तरच पैसे देऊन त्याचा सल्ला घ्यावा, आणि तोही जितके फोन तितके पैसे या बोलीवर.

याचा खर्च धरून पाहू. परिचारिकेचा पगार महिना २० हजार म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. यंत्रे ६० हजारांची, तीन वर्षे टिकतील असे धरले तर वर्षाला २० हजार. नेट, तपासणीच्या पट्ट्या व साधी औषधे महिना १० हजार म्हणजे १ लाख २० हजार. तज्ज्ञांचे ३०० सल्ले प्रत्येकी ४०० रुपयांनी १ लाख २० हजार. बेरीज ५ लाख. टनाला १ रुपया. परिचारिका खोलीवर आधीपासूनच पगारावर असेल, तर जादा खर्च २ लाख ६० हजारांचाच, म्हणजे टनाला ५२ पैसे.

फायदा कोणाचा? तालुक्याला एक चक्कर म्हणजे डॉक्टरचे ३००, पेट्रोलचे १५० आणि बुडालेला रोज ६०० धरला, तर १,०५० रुपये होतात. वर्षात खोलीवर १,००० जण आले आणि त्यांतल्या ४०० जणांचीच चक्कर वाचली असे जपून धरले, तरी ४ लाख २० हजार रुपये वाचतात. प्रामाणिकपणे सांगायचे, तर हा पैसा कामगाराच्या खिशात वाचतो, कारखान्याच्या तिजोरीत नाही. कारखान्याला मिळते ती हजेरी. पॅनवरचा जाणता माणूस, बॉयलर अटेंडंट, टर्बाईनवाला, यांच्या जागी ऐन हंगामात दुसरा उभा करता येत नाही. आणि हिशेबात उरलेले ८० हजार ही ज्यांचा दाब किंवा साखर पहिल्यांदाच सापडली, त्यांच्यासाठी भरलेली किंमत. एका घराचा कर्ता माणूस उभा राहिला तरी ती फिटली, असे आम्हाला वाटते. सभासदांनी आपापले मत ठरवावे.

तोडणीवाल्यांचे काय?

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कागदोपत्री ऊसतोड मजूर हे कारखान्याचे कामगार नाहीत. ते मुकादमाच्या टोळीतले. म्हणून डोईपट्टीच्या योजनेत त्यांचे नावच येत नाही. पण आपला ऊस तोडतात ते तेच. पहाटे तीनला थंडीत उठून फडात जातात ते तेच. टोळीतला एक कोयता आजारी पडला, की तुमच्या-आमच्या फडाची पाळी लांबते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाच्या समितीने ८२,३०९ महिलांची माहिती घेतली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींत एक! काम बुडू नये, खाडा पडू नये, वारंवार दुखू नये, म्हणून तरुण वयातल्या बायकांनी हा मार्ग पत्करला. त्यांतल्या किती जणींना साधी औषधे पुरली असती, हे विचारायला कोणी स्त्री-डॉक्टर त्यांच्यापुढे आली होती काय? "पिशवी काढायचीच का?" या प्रश्नावर पडद्याआडच्या खोलीत, परिचारिका सोबत असताना, तज्ज्ञ बाईंचे दुसरे मत मिळणे, हे दूरवैद्यकाचे सर्वांत मोलाचे काम ठरेल. खोली आहेच, सेवा फुकट आहे. दार तेवढे त्यांच्यासाठी उघडे ठेवायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळी परिचारिकेने यंत्रे घेऊन कोप्यांवर जावे. आपल्या माउलीला आपण तालुक्याला नेतो, मग या माउलीला कोण नेणार?

काही अटी

दारे उघडण्यापूर्वी पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात.

१. कामगाराचा आजार शेती खाते, टाइम ऑफिस किंवा संचालक यांपैकी कोणालाही कळता कामा नये. कारखान्याला फक्त आकडे मिळावेत, नावे नाहीत. "साखर निघाली तर पुढच्या हंगामाला घेतील का?" ही शंका राहिली, तर हंगामी कामगार खोलीची पायरी चढणार नाही.

२. प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक असावा. तो नसेल तर ती चिठ्ठी नव्हे.

३. रुग्णवाहिका व तिच्या ड्रायव्हरच्या पाळ्या कमी करू नयेत.

४. खासगी कंपनीशी करार करायचाच झाला, तर वापराप्रमाणे पैसे, एकाच हंगामाची मुदत, आणि न जमल्यास मध्येच सोडण्याची मुभा असावी.

५. दर महिन्याला चार आकडे फलकावर लावावेत. किती जण आले, किती जणांची चक्कर वाचली, किती जणांना रुग्णालयात पाठवले, आणि रक्तदाब-साखरेचे किती रुग्ण पुढच्या महिन्यात परत आले. चौथा आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो घसरला, तर खोली नुसती दिखाऊ झाली असे समजावे.

६. एक गळीत हंगाम झाल्यावर हे आकडे सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत, आणि योजना पुढे चालवायची की नाही ते सभासदांनी ठरवावे.

शेवटी थोडक्यात

टेलिमेडिसिन खर्चाच्या लायकीचे आहे का? नुसता फोन विकत घेतला, तर नाही. डोईवर वर्गणी भरून कोणी वापरलीच नाही, तर तो पैसा उताऱ्यातल्या गळतीसारखा नकळत जातो. पण त्याच पैशात, किंबहुना त्याहून कमी पैशात, फोनच्या अलीकडे एक जाणते माणूस बसवले, सरकारची फुकट सेवा त्याच्या हाती दिली आणि दर महिन्याला हिशेब मागितला, तर होय.

गट सभेतल्या त्या आबांच्या प्रश्नालाही उत्तर देणे आहे. आबा, तुमचे म्हणणे रास्त आहे. घरच्या म्हातारीलाही तालुक्याची चक्कर का पडावी? खोलीत एकदा नेट आणि परिचारिका आली, की कामगारांच्या वेळेनंतर दोन तास सभासदांच्या घरच्यांसाठीही ती उघडी ठेवता येईल. त्याला जादा खर्च पट्ट्यांचा आणि औषधांचा. तेवढा ज्याचा त्याने द्यावा.

सभेला येताना प्रत्येकाने हा हिशेब स्वतःच्या डोक्याने पुन्हा मांडून यावे. चुकले असेल तिथे उभे राहून विचारावे. ज्यांना सभेला येणे जमणार नाही, त्यांनी आपले मत लिहून जवळच्या गट ऑफिसात आठ दिवस आधी द्यावे, ही नम्र विनंती.